पामच्या मगजावरील निर्यात कर (१९१९–१९२२)

पश्चिम आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींमधून साम्राज्याबाहेर जाणाऱ्या पामच्या मगजावर (बीच्या कवचीतल्या गरावर) टनामागे दोन पौंड या दराने बसवलेला कर. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पडलेली गुरांच्या पेंडीची टंचाई आणि युद्ध संपताच हा माल पुन्हा जर्मन गिरण्यांकडे जाईल ही धास्ती, या दोन्हींतून तो पुढे आला. त्याची सर्वांत मोठी झळ नायजेरिया आणि सिएरा लिओन या वसाहतींना बसली. साबण आणि मार्गारीन (लोण्याऐवजी वापरायचा तेला-चरबीचा पदार्थ) यांच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो, पण पेंडीचा हिशेब मांडल्याशिवाय तो नीट उलगडत नाही.

पामच्या फळातून दोन तेले निघतात. बाहेरच्या तंतुमय गरातून तांबडे पामतेल मिळते. आतली टणक कवची फोडली की मगज हाती येतो आणि त्यातून खोबरेलाच्या जातीचे फिकट तेल निघते. मगजाचे जवळपास निम्मे वजन या तेलाचे असते. बाकी राहते ती पेंड. ती रवाळ आणि कोरडी असते, प्रथिने बेताचीच असतात. पण ही पेंड खाणाऱ्या गाईंचे लोणी घट्ट येते असा उत्तर युरोपातील गवळ्यांचा अनुभव होता, आणि म्हणून तिला तिथे मान होता.

मगज काढण्याचे काम बायकांचे. तेल काढून झाल्यावर बिया उन्हात वाळवायच्या, मग एकेक बी सपाट दगडावर धरून दुसऱ्या दगडाने अशा बेताने फोडायची की कवची फुटावी आणि आतला मगज अखंड राहावा. एका टनासाठी अशा काही लाख बिया फोडाव्या लागत. आग्नेय नायजेरियातील इग्बो मुलखात तेल नवऱ्याचे आणि मगज बायकोचा अशी वहिवाट होती. मीठ, कापड, भांडी यांसाठी बाईच्या स्वतःच्या हातात जो पैसा येई, त्याचा मोठा भाग मगजाचा असे. लंडनमध्ये ठरणाऱ्या दोन पौंडांचा भार कुणावर पडला हे समजून घ्यायचे, तर ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

१९१३ मध्ये एकट्या नायजेरियाने सुमारे पावणेदोन लाख टन मगज निर्यात केला. ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेतील एकूण मगजापैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास माल जर्मनीला जाई. हॅम्बुर्ग आणि शेजारचे हारबुर्ग येथील गिरण्यांनी हा धंदा उभा केला होता, कारण त्यांना तेल आणि पेंड या दोन्हींना दारातच गिऱ्हाईक होते: तेलाला मार्गारीनचे कारखाने, पेंडीला जर्मन आणि डॅनिश शेतकरी. ब्रिटनमध्ये तेलाला मागणी होती, पेंडीला नव्हती. तिथली गुरे सरकीच्या आणि जवसाच्या पेंडीवर पोसलेली. हल बंदरातील गिरण्या इजिप्तची आणि मुंबईहून आलेली सरकी गाळत. मुंबईची बहुतेक सगळी निर्यात-सरकी ब्रिटनलाच जाई. वऱ्हाड-खानदेशच्या जिनांतून निघालेली सरकी आपल्याकडे म्हशींच्या आंबोणात पडते, तीच यॉर्कशरच्या गोठ्यातही पोहोचत होती. मगज ब्रिटिश वसाहतीचा असूनही जर्मनीला का जात होता, याचे उत्तर शत्रूच्या कारस्थानात शोधण्याची गरज नव्हती. ज्या देशात पेंड खपत होती, तिथे गिरण्या निघाल्या, एवढाच तो मामला होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच हा रस्ता एका दिवसात बंद झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मगजाचे भाव कोसळले, तर युरोपात पशुखाद्याचा तुटवडा सुरू झाला. जर्मनी रशियाकडून येणाऱ्या चाऱ्याच्या बार्लीला आणि समुद्रमार्गे येणाऱ्या पेंडीला एकदमच मुकला. डुकरे माणसाच्या तोंडचे धान्य आणि बटाटे खातात, असा हिशेब तज्ज्ञांनी मांडला आणि १९१५ च्या वसंतात लाखो डुकरांची सरसकट कत्तल झाली. थोडे दिवस बाजारात मांसाची रेलचेल झाली; मग चरबीचा दुष्काळ पडला आणि शेतातले खतही आटले. तटस्थ डेन्मार्कचे हाल १९१७ मध्ये सुरू झाले. पाणबुड्यांचे निर्बंधमुक्त युद्ध आणि दोस्तांनी आवळलेली नाकेबंदी यांमुळे तिथली पेंड बंद झाली. १९१४ मध्ये सुमारे २५ लाख असलेली डुकरे युद्ध संपेपर्यंत सहा लाखांच्या आसपास उरली.

ब्रिटनला समुद्र मोकळा होता, पण जहाजे अपुरी होती. सरकीसारखा अवजड आणि स्वस्त माल जहाजावर चढवणे परवडेना. मुंबईची सरकी मागे पडली. मगजात तेल भरपूर, म्हणून त्याला जागा मिळे. लिव्हरपूल, हल आणि लंडन येथे मगज गाळणाऱ्या नव्या गिरण्या उभ्या राहिल्या. अडचण गोठ्यात होती. इंग्रज शेतकरी ही पेंड घेईना, कारण गाई तिला तोंड लावीनात. सरकारी कृषी खात्याने आणि शेतकी महाविद्यालयांनी प्रयोग केले, पत्रके काढली. चवीच्या दुसऱ्या खाद्यात मिसळून हळूहळू सवय लावा, असा सल्ला दिला. इतर पेंडींचे भाव चढत गेले तशी ही पेंडही खपू लागली.

१९१५ मध्ये वसाहत खात्याने आर्थर स्टील-मेटलंड यांच्या अध्यक्षतेखाली तेलबियांच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचा अहवाल १९१६ मध्ये आला. नव्या गिरण्यांत पैसा गुंतवणाऱ्यांना भरवसा हवा, नाहीतर शांतता होताच हॅम्बुर्ग सगळा माल परत ओढून घेईल, असे समितीचे म्हणणे होते. म्हणून साम्राज्याबाहेर जाणाऱ्या मगजावर टनाला दोन पौंड कर लावावा आणि तो युद्धानंतर पाच वर्षे ठेवावा, अशी शिफारस तिने केली.

या कराची खुबी अशी की त्यातून महसूल मिळावा अशी अपेक्षाच नव्हती. माल बाहेर जाऊ नये, एवढाच उद्देश. पण परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. समजा हॅम्बुर्गचा व्यापारी मगजाला वीस पौंड द्यायला तयार आहे. कर भरावा लागल्यामुळे तो लागोसमध्ये अठराच देईल. मग लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने वीस का द्यावेत? अठरापेक्षा थोडे जास्त देऊन त्याचे काम भागते. म्हणजे माल साम्राज्यातच राहिला आणि तिजोरीत एक शिलिंगही पडला नाही, तरी दोन पौंडांपर्यंतची घट सगळ्याच मगजावर येते, आणि ती बी फोडणाऱ्या बाईपर्यंत उतरते. खुल्या व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या लिबरल सभासदांनी पार्लमेंटात हाच आक्षेप घेतला होता आणि तो बिनतोड होता. इंग्रज गिरणीमालकाला संरक्षण द्यायचेच असेल तर त्याचा खर्च इंग्रज करदात्याने सोसायला हवा होता. ज्यांना पार्लमेंटात मत नव्हते त्यांच्या कमाईतून तो काढला गेला, आणि हा अन्याय उघड दिसत असताना काढला गेला.

नायजेरियातील जप्त जर्मन मालमत्तेच्या लिलावावरून ८ नोव्हेंबर १९१६ रोजी पार्लमेंटात जो वाद झाला, तो याच व्यापाराचा होता. ही मालमत्ता फक्त ब्रिटिशांनाच विकावी, अशी युनियनिस्ट (कॉन्झर्व्हेटिव्ह) नेते एडवर्ड कार्सन यांची मागणी होती. त्याच पक्षाचे वसाहतमंत्री बोनार लॉ यांनी ती नाकारली. खरेदीदार मोजकेच राहिले तर आफ्रिकी उत्पादकाला भाव मिळणार नाही, अशी भीती त्यामागे होती. सरकार जिंकले, पण लॉ यांच्या स्वतःच्या पक्षातील मत देणाऱ्या सभासदांपैकी जवळपास निम्म्यांनी विरोधात मत टाकले. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान ॲस्क्विथ यांचे मंत्रिमंडळ पडले. त्या पडझडीच्या कारणांत इतिहासकार या वादाचीही गणना करतात. याच सुमारास ‘एम्पायर रिसोर्सेस डेव्हलपमेंट कमिटी’ नावाची मंडळी वसाहतींच्या पाममालाचा व्यापार सरकारने हाती घेऊन त्या नफ्यातून युद्धाचे कर्ज फेडावे, असे सुचवू लागली. १९२० मध्ये अक्रा येथे भरलेल्या ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेच्या राष्ट्रीय काँग्रेसने या विचाराचा निषेध केला.

युद्धकाळात निर्यात परवान्यांवर चाले, त्यामुळे कर प्रत्यक्षात लागला तो १९१९ मध्ये. त्याच वर्षी हिंदुस्थानातही याच धर्तीचा कर आला: कच्च्या कातड्यांवर १५ टक्के निर्यात कर, आणि साम्राज्यातच कमावल्या जाणाऱ्या कातड्यांना त्यात १० टक्के सूट. पामच्या बाबतीत हेतू साधला नाही. हॅम्बुर्गच्या आणि डच गिरण्यांना खोबरे होते, मांचुरियाचे सोयाबीन होते, इतर वसाहतींतला मगजही होता. १९२० नंतर तेलाचे भाव गडगडले आणि किनाऱ्यावरचा व्यापार मोडकळीला आला. १९२२ मध्ये, ठरलेली पाच वर्षे पुरी होण्याआधीच, कर रद्द झाला. जर्मन खरेदीदार परतले.

दुसऱ्या महायुद्धात हीच नियंत्रणे अधिक पक्क्या स्वरूपात आली. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर ब्रिटनला तेल आणि पेंड यांसाठी पश्चिम आफ्रिकेवर भिस्त ठेवावी लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘वेस्ट आफ्रिकन प्रोड्यूस कंट्रोल बोर्डा’ने मगज आणि भुईमूग ठरीव भावाने विकत घ्यायला सुरुवात केली. युद्ध संपले तरी ही पद्धत उठली नाही. १९४९ मध्ये नायजेरियात पाममालासाठी वेगळे पणन मंडळ निघाले. त्याची शिल्लक लंडनमध्ये पौंडांत साठत राहिली आणि उत्पादकाला मिळणारा भाव जागतिक भावापेक्षा कमीच राहिला. स्वतंत्र नायजेरियानेही मंडळांची ही व्यवस्था चालू ठेवली. ती १९८६ मध्ये मोडीत निघाली.