बुरशीची भावकी: दगडफुलापासून तांबेऱ्यापर्यंत

उन्हाळ्यात मिरची वाळली की कोल्हापुरात चटणीची गडबड सुरू होते. चटणी म्हणजे बाहेरगावचे लोक जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, धणे, खोबरं, तीळ, खसखस, आणि लवंग-दालचिनीच्या पुड्यांशेजारी कागदात बांधलेलं दगडफूल. वरून राखाडी, खालून काळं, हाताला चुरचुरीत. त्यातले सालीचे तुकडे निवडून टाकायचं काम आमच्या घरी लहान मुलांचं असे. ते फूल नाही हे फार उशिरा कळलं, आणि ते बहुतेक वेळा दगडावरचंही नसतं, झाडाच्या सालीवरचं असतं, हे त्याहून उशिरा.

दगडफूल ही बुरशी आहे. अधिक नेमकं सांगायचं तर बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. आपले कोशकार त्याला शैवाक म्हणतात, इंग्रजी शिकलेले लायकेन. बाजारात जे मिळतं ते पार्मोट्रेमा आणि तिच्या जवळच्या प्रजातींचं मिश्रण असतं, त्यातला मोठा वाटा हिमालयाच्या उतारांवरून येतो. ही सगळी मंडळी पार्मेलिएसी नावाच्या कुलातली. लायकेन करणाऱ्या बुरशींमधलं हे सर्वांत मोठं कुल, त्यात अडीच हजारांहून अधिक जाती आहेत.

दगडफूल एक नसून दोन आहेत, हे 1867 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सिमोन श्वेंडेनर यांनी मांडलं तेव्हा त्यांची टिंगल झाली. आयुष्यभर शैवाक गोळा करून त्यांना नावं दिलेल्या अभ्यासकांना, आपण ज्याला एक जीव समजत होतो तो एक जीवच नाही, हे ऐकवेना. विल्यम नायलँडर यांच्यासारख्या दिग्गजाने ते शेवटपर्यंत मानलं नाही. पण श्वेंडेनर बरोबर होते. मग प्रश्न आला नावाचा. दोघांच्या संसाराला नाव कुणाचं लावायचं? नामकरणाच्या नियमांनी निकाल दिला की शैवाकाचं म्हणून जे नाव असेल ते त्यातल्या बुरशीचं. शेवाळाचं नाव वेगळं, त्याच्या माहेरचं. 2016 मध्ये तर कित्येक शैवाकांच्या सालीत तिसराच भिडू, एक यीस्ट, दडलेला सापडला.

हे सगळं आधी सांगितलं, कारण बुरशीच्या वर्गीकरणाचा इतिहास असाच गेला आहे. दिसण्यावरून नाव पडतं, आणि भावकी शोधायला गेलं की निघतं भलतंच.

बुरशी कुजण्यातून आपोआप उपजते, हा जगभरचा समज होता. आपल्याकडेही वीज कडाडली की अळंबी उगवते असं म्हणतातच. 1729 मध्ये फ्लॉरेन्सच्या पिएर आंतोनियो मिकेली यांनी खरबुजाच्या फोडींवर बुरशीची भुकटी पेरली आणि पेरली तीच बुरशी उगवली. ही भुकटी म्हणजे बीजाणू. एका बुरशीचा बीजाणू असलेला देठ त्यांना चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या साधनासारखा दिसला, म्हणून तिचं नाव अ‍ॅस्परजिलस. कांद्याच्या वरच्या पापुद्र्याखाली काळी भुकटी लागते ना, ती याच प्रजातीतली.

पुढे 1753 मध्ये लिनियसने सगळ्या वनस्पतींची मांडणी केली आणि बुरशीला चोविसाव्या, म्हणजे शेवटच्या वर्गात टाकलं: नेचे, शेवाळ, शैवाक असे सगळे फूल न दाखवणारे जीव जिथे कोंबले होते तिथे. त्या वर्गाच्या लॅटिन नावाचा अर्थ 'गुप्त विवाह'. ज्यांचं लग्न कुठे लागलं ते दिसत नाही असे जीव! फुलातले पुंकेसर मोजून वर्ग पाडणाऱ्या माणसाला बुरशीत मोजायला काही मिळेना, हे त्याचं कारण.

नीट बसून काम केलं ते पर्सून (1801) आणि स्वीडनचे एलियास फ्रीस (1821 ते 1832) यांनी. छत्रीखाली पाती आहेत की भोकं, बीजाणूंचा रंग पांढरा, गुलाबी, तपकिरी की काळा, यावर फ्रीस यांची मांडणी उभी होती. रंग पाहायची रीत सोपी आहे: छत्री देठापासून कापून रात्रभर कागदावर पालथी ठेवायची, सकाळी कागदावर ठसा उमटलेला असतो. दोनशे वर्षं झाली, तरी हा ठसा अजून घेतला जातो.

सूक्ष्मदर्शक सुधारले तसं लक्ष छत्रीवरून बीजाणू नेमके कुठे तयार होतात याकडे गेलं. एका गटात ते पिशवीसारख्या धानीच्या आत तयार होतात, बहुधा आठ. दुसऱ्यात गदेसारख्या पेशीच्या टोकावर, बहुधा चार. म्हणून धानीकवक आणि गदाकवक, शास्त्रीय नावं अ‍ॅस्कोमायकोटा आणि बॅसिडिओमायकोटा. एवढ्याशा भेदाने घरं कशी उलटीपालटी झाली पाहा. दगडफूल, भाकरीवरची हिरवी बुरशी, पाव फुगवणारं यीस्ट आणि द्राक्षावरची भुरी एका गोटात. अळंबी, उसाची काणी आणि सोयाबीनचा तांबेरा दुसऱ्या गोटात. नाव मिळालेल्या जातींपैकी सुमारे दोन तृतीयांश धानीवाल्या आहेत.

आता आपल्या शिवाराकडे येऊ, कारण मला या विषयात खरी गंमत इथे वाटते. शेतकऱ्याकडे बुरशीजन्य रोगांसाठी स्वतःची शब्दसंपदा आहे: तांबेरा, काणी, भुरी, केवडा, करपा, मर. हे शब्द वर्गीकरणाच्या कसोटीवर घासून पाहिले तर काही सोन्यासारखे उतरतात.

तांबेरा घ्या. गव्हावरचा आणि उसावरचा पक्सिनिया प्रजातीचा. सोयाबीनवरचा फॅकोप्सोरा पॅकिरायझी, वेगळ्या कुलातला. 1990 च्या दशकात कोल्हापूर-सांगलीच्या सोयाबीनला याच तांबेऱ्याने झोडपलं आणि त्याला दाद न देणारं वाण शोधण्यासाठी सांगलीजवळच्या कसबे डिग्रज कृषी संशोधन केंद्राला कंबर कसावी लागली. फुले अग्रणी, फुले संगम ही वाणं तिथलीच. पण गहू, ऊस, सोयाबीन तिन्हीकडचे तांबेरे एकाच गणातले आहेत (जाती, प्रजाती, कुल आणि त्यावरची पायरी गण). म्हणजे पानावरची विटकरी पूड बघून शेतकऱ्याने जो शब्द दिला, तो वनस्पतिशास्त्रज्ञाच्या गणाशी बरोबर जुळतो.

काणीचंही तसंच. उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा बाहेर पडतो ती काणी आणि ज्वारीच्या दाण्यात काळी भुकटी भरते ती काणी एकमेकींच्या जवळच्या. उसाच्या काणीचं नाव आधी उस्टिलागो सायटॅमिनिया होतं, 2002 मध्ये तिला स्पोरिसोरियम प्रजातीत हलवलं, आणि ज्वारीची दाणे काणीही त्याच प्रजातीतली आहे. शेतकऱ्याने दोघींना एकाच नावाने आधीच हाक मारली होती.

फसगतही आहे. भाताच्या लोंबीत हिरवट-पिवळे मखमली गोळे येतात, त्यांना कृषी खात्याच्या पत्रकांत आभासमय काजळी म्हणतात. 1878 मध्ये तिरुनेलवेलीच्या नमुन्यावरून एम. सी. कुक यांनी हिला काणीच्याच प्रजातीत घातलं होतं. ती धानीवाली निघाली, बाजरीच्या अरगट रोगाच्या बुरशीच्याच कुलातली. 'आभासमय' हा शब्द म्हणून मला फार आवडतो. चूक कबूल करून नाव तसंच ठेवलं. देशात काही ठिकाणी हिला लक्ष्मी रोग म्हणतात, पीक जोरात आलं की ही येते म्हणून.

करपा आणि मर हे शब्द मात्र भावकी सांगत नाहीत, फक्त लक्षण सांगतात. भाताचा करपा आणि टोमॅटोचा लवकर येणारा करपा या वेगळ्या बुरशी, आणि बटाट्याचा उशिरा येणारा करपा तर बुरशीच नाही! 1845 पासून आयर्लंडमध्ये लाखो माणसं उपाशी मारणारा तो फायटोफ्थोरा, आणि बाजरीवरचा केवडा, द्राक्षावरची डावणी हे सगळे ऊमायसीट गटातले. त्यांच्या पेशीभित्तीत सेल्युलोज, नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. बुरशीसारखे धागे, बुरशीसारखं वागणं, रक्त वेगळं. तासगावकडचा बागायतदार हे पुस्तक न उघडता सांगेल: भुरीचं औषध बहुधा डावणीवर चालत नाही, डावणीचं भुरीवर.

खुद्द बुरशी वनस्पतींतून बाहेर पडायला 1969 उजाडलं. रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या आणि बुरशीला स्वतंत्र सृष्टी दिली. 1993 मध्ये प्रथिनांच्या तुलनेतून निघालं की तिची जवळची भावकी झाडांशी नसून प्राण्यांशी आहे. खेकड्याच्या कवचात असतं ते कायटिन तिच्या भित्तीत, आपल्या यकृतात साठतं ते ग्लायकोजेन तिच्या पेशीत. माणसाच्या अंगातली बुरशी मारणारी औषधं मोजकीच असण्यामागे हे नातं आहे. तिला लागेल ते आपल्यालाही लागायची भीती. अशा औषधांतलं हॅमायसिन आपल्या पिंपरीतलं, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी शोधलेलं.

आपल्याकडच्या नोंदींची सुरुवात एडविन बटलर यांच्यापासून धरतात. ते 1901 मध्ये सरकारी नोकरीत आले आणि पुढे बिहारमधल्या पुसा इथे काम केलं. 1931 मध्ये बटलर आणि बिस्बी यांनी भारतातल्या बुरशींची यादी छापली. मराठी मुलखात एस. एल. आजरेकर यांचं नाव घ्यायला हवं. ज्वारीच्या कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो, त्या चिकट्यावर त्यांनी 1926 मध्ये लिहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला बुरशीच्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह त्यांच्या नावाने आहे.

चिकट्याची बुरशी दोन नावांच्या घोळाचंही उदाहरण आहे. 1917 मध्ये तिला स्फॅसेलिया सॉर्घी म्हटलं गेलं, ते तिच्या अलैंगिक अवस्थेचं नाव. लैंगिक अवस्था कर्नाटकात सापडली आणि 1976 मध्ये त्याच जीवाला क्लॅव्हिसेप्स सॉर्घी हे दुसरं नाव मिळालं. नियमाने दोन्ही वैध! असे शेकडो जीव रेशनकार्डावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं नाव घेऊन वावरत होते. 2011 मध्ये मेलबर्नच्या जागतिक वनस्पतिशास्त्र अधिवेशनात एक बुरशी, एक नाव असं ठरलं आणि 1 जानेवारी 2013 पासून दुहेरी नावांची सोय संपली.

पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरीकडे वारुळांवर येणाऱ्या अळंबीचं नाव टर्मिटोमायसिस, म्हणजे वाळवीची बुरशी. वाळवी जमिनीखाली या बुरशीची बाग लावते आणि तिच्यावर जगते. तमिळनाडूत तरंगंबाडीला राहिलेल्या योहान गेरहार्ड क्योनिग यांनी 1779 मध्येच याचं वर्णन केलं होतं. स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं ते फ्रान्सच्या रॉजे हाइम यांनी, 1942 मध्ये. धिंगरी पोत्यात पिकते, हिची शेती मात्र वाळवीलाच जमते. हिचा ठसा गुलाबीसर येतो. गवतात उगवणाऱ्या तिच्यासारख्याच पांढऱ्या, विषारी क्लोरोफायलमचा हिरवट. फ्रीस यांची रीत इथे कामाला येते, पण एवढ्या भांडवलावर कुणी अनोळखी छत्री कढईत टाकू नये.

एकूण जाती किती? 1991 मध्ये डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी ब्रिटनमध्ये एका वनस्पतीमागे सहा बुरशी पडतात हे पाहून जगभराचा अंदाज 15 लाख सांगितला. 2017 मध्ये तोच अंदाज 22 ते 38 लाखांवर गेला, आणि तेव्हा नाव असलेल्या जाती होत्या सुमारे 1 लाख 20 हजार. आता मातीतून थेट डीएनए काढून वाचता येतो. 2012 मध्ये त्यासाठी एक ठरावीक तुकडा बुरशीची ओळखखूण म्हणून मान्य झाला. त्यामुळे दाजीपूरच्या जंगलातल्या मूठभर पालापाचोळ्यात कुणी न पाहिलेल्या बुरशींच्या खुणा मिळू शकतात. पण नुसत्या डीएनएवर नाव द्यावं, हा प्रस्ताव 2018 मध्ये सान हुआनच्या जागतिक अधिवेशनात मंजूर झाला नाही. नावासाठी अजूनही नमुना हातात लागतो: वाळवलेला, कागदी पाकिटात घातलेला, पाकिटावर गाव आणि तारीख लिहिलेला.