लीथ हिल मनोरा

लीथ हिल मनोरा : आग्नेय इंग्लंडच्या सरे परगण्यात, डॉर्किंग शहराच्या नैर्ऋत्येस, रानाने वेढलेल्या टेकडीच्या माथ्यावरील दगडी मनोरा. टेकडीची उंची २९४ मी. (९६५ फूट) असून परगण्यातील ते सर्वांत उंच ठिकाण होय. हजार फुटांना पस्तीस फूट कमी पडत होते; ती उणीव मनोऱ्याने भरून काढली.

टेकडीच्या दक्षिण उतारावरील लीथ हिल प्लेस या वाड्याचा मालक रिचर्ड हल याने १७६५ साली हा मनोरा बांधला. आत दोन खोल्या होत्या, आणि येणाऱ्यांना दूरचा मुलूख न्याहाळता यावा म्हणून हलने दुर्बिणीही ठेवल्या होत्या. आपल्याबरोबर शेजाऱ्यांना आणि साऱ्यांनाच आनंद मिळावा म्हणून हा मनोरा उभारला, असे तेथील लॅटिन लेख सांगतो. स्वतःच्या पैशाने उभारलेल्या वास्तूवर असे कोरून ठेवायला मोठे मन लागते. १७७२ मध्ये हल वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला मनोऱ्याखालीच पुरण्यात आले.

त्याच्यामागे वास्तूची आबाळ झाली. दारे-खिडक्या लोकांनी काढून नेल्या. पुढे आत राडारोडा व काँक्रीट भरून प्रवेशद्वार चिणून टाकण्यात आले. १८६४ च्या सुमारास वॉटनच्या विल्यम जॉन ईव्हलिन यांनी मनोरा पुन्हा खुला करायचे मनावर घेतले, पण आतले काँक्रीट काही केल्या फुटेना. शेवटी बाहेरच्या अंगाला जिन्यासाठी वेगळा बुरूज बांधावा लागला. चौकोनी जुना मनोरा आणि त्याच्या कडेला बिलगलेला हा जिना यांचा सांधा आजही जवळून ओळखू येतो. वर जायच्या घाईत तो नजरेतून निसटतो, म्हणून आधी मनोऱ्याला एक फेरी मारावी आणि मगच जिना चढावा. १९२३ साली वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे आली.

टेकडी कठीण वालुकाश्माची असून तिची दक्षिण बाजू एकदम तुटलेली, तर उत्तरेचा उतार सौम्य आहे. दक्षिणेच्या विंडी गॅपकडून येणारी वाट त्यामुळे आखूड पण दमछाक करणारी आहे. कोल्डहार्बर गावाकडून येणारी वाट पाइन, बर्च आणि हेदरच्या झुडपांमधून हळूहळू चढते. वेळ हाताशी असेल तर हीच धरावी. एप्रिलअखेर ते मे या काळात खालच्या रानात ब्लूबेलच्या फुलांचा निळा गालिचा पसरतो. लीथ हिल प्लेसजवळचे ऱ्होडोडेंड्रॉनचे बन चार्ल्स डार्विनची बहीण कॅरोलिन वेजवुड हिने लावले. बहिणीकडे येई तेव्हा डार्विन इथल्या जमिनीतील गांडुळांचे काम बारकाईने पाहत असे.

झाडीतून चालताना बाहेरचे फारसे काही दिसत नाही. गच्चीवर आले की उत्तरेला लंडनच्या इमारती आणि दक्षिणेला वील्डचा सखल मुलूख पसरलेला दिसतो. हवा स्वच्छ असली, तर साउथ डाउन्स या टेकड्यांच्या रांगेतील शोरहॅमच्या खिंडीतून इंग्लिश खाडीचा चिंचोळा, चकाकता तुकडाही दिसतो.