पाटे काढले, आता अ‍ॅक्सलला धरायचं कुणी?

ऑफ-रोड ट्रक बांधणाऱ्यांच्या गप्पांत पहिला विषय हमखास स्प्रिंगचा निघतो. किती नरम, किती लांब, कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवती बसवलेली गोल स्प्रिंग) कोणता. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, काढून कॉइलओव्हर बसवायचे म्हणजे आधी पाटे मुकाट्याने काय काय करत होते ते समजून घ्यायला हवं.

सॉलिड अ‍ॅक्सल म्हणजे एका जाड नळीच्या दोन टोकांना दोन चाकं. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं. वेगात रस्ता कापताना हा दोष ठरतो, खडकावर मात्र गुण, कारण खालचं चाक जमीन सोडत नाही. शिवाय ट्रकची बॉडी कितीही दबली तरी डिफरेन्शियलची (अ‍ॅक्सलच्या नळीवरच्या गिअरच्या फुगीर डब्याची) जमिनीपासूनची उंची तेवढीच राहते; ती टायरच्या आकारावर ठरते.

या अ‍ॅक्सलवर पाटे असतात तेव्हा ते वजन पेलतात, झटका सोसतात आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. ब्रेक मारला, जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळायला बघतो, तेही तेच अडवतात. फार जोर आला तर पाटा इंग्रजी एसच्या आकारात वाकतो आणि चाक थडथड उड्या मारू लागतं. गोल कॉइल स्प्रिंग यातलं फक्त वजन पेलण्याचं आणि झटका सोसण्याचं काम करते. नुसत्या कॉइलवर ट्रक ठेवला तर पहिल्याच ब्रेकला अ‍ॅक्सल खालून निसटेल.

इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. अवकाशातली कुठलीही घट्ट वस्तू सहा प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. अ‍ॅक्सलला आपल्याला यातल्या दोनच हालचाली द्यायच्या आहेत, वर-खाली जाणं आणि एका बाजूने उचललं जाणं. उरलेल्या चार अडवायच्या. लिंक म्हणजे चेसिस आणि अ‍ॅक्सल जोडणारा दांडा. दोन्ही टोकांना गोल सांधा असलेली लिंक दोन बिंदूंमधलं अंतर कायम ठेवते, म्हणजे एक हालचाल बंद करते. चार हालचालींना चार लिंक. फोर-लिंक हे नाव फॅशनमधून नाही, या वजाबाकीतून आलंय.

मागच्या बाजूला दोन खालच्या लिंक आणि व्हीसारख्या तिरक्या दोन वरच्या लिंक असं जमतं. तिरकेपणामुळे आडवं सरकणंही थांबतं. पुढे इंजिन आणि त्याखालची तेलाची टाकी, ऑइल सम्प, वाटेत येतात, म्हणून तीन लिंक आणि आडवं सरकणं अडवणारा एक आडवा दांडा, पॅनहार्ड रॉड. बेरीज पुन्हा चारच. हा रॉड आणि स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, शक्यतो सारख्या लांबीच्या आणि समांतर हव्यात. नाहीतर दोघींचे कंस जुळत नाहीत आणि खड्ड्यात चाक आपोआप वळतं.

कंपनीतून आलेल्या कित्येक गाड्यांत चार लिंक आणि वर पॅनहार्ड, अशा पाच असतात. गणिताने हे अडकायला हवं, पण लिंकच्या टोकांना असलेल्या बुशांचं रबर दबतं आणि भागून जातं. हौशी माणूस ‘मजबुतीसाठी’ तेच रबर काढून पोलादी सांधे, रॉड एंड, बसवतो. मग अ‍ॅक्सल तिरका होताना सगळं आवळतं आणि ब्रॅकेटला तडे जातात.

आता स्प्रिंग. ट्रकच्या वजनाने ती किती दबते यावरूनच तिची चाल कळते. 25 सेंटिमीटर दबली तर बॉडी सेकंदाला साधारण 1 झोका घेते, 6.25 सेंटिमीटरच दबली तर 2. दर सेकंदाला एकाच्या आसपास झोका अंगाला मानवतो. पण इतकी नरम स्प्रिंग मोठ्या आदळीला पुरत नाही, म्हणून कॉइलओव्हरवर दोन स्प्रिंगा एकावर एक बसवतात. वाटतं की जोडी कडक होईल, होतं उलट. मिलिमीटरला 30 न्यूटनची वर आणि 45 ची खाली ठेवली तर दोघींची मिळून भरते फक्त 18. एका कोपऱ्यावर 500 किलो असतील तर ही जोडी सुमारे 27 सेंटिमीटर दबते. आणखी दबली की दोन स्प्रिंगांमधला सरकता कडा शॉकवर पक्क्या केलेल्या वरच्या रिंगला टेकतो, वरची स्प्रिंग कामातून बाद होते आणि एकदम 45 ची खालची तेवढी उरते.

कॉइलओव्हर तिरका लावला की त्याचा अ‍ॅक्सलपाशी जाणवणारा कडकपणा घटतो, तोही तिरकेपणाच्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने: 15 अंशांना 93 टक्के, 30 ला 75. दोन्ही कॉइलओव्हर चाकांच्या आत जितके सरकवाल, तितका ट्रक वळणावर जास्त कलतो. इथेही वर्गच, चाकांमधल्या अंतराच्या निम्म्यावर बसवले तर कलण्याला होणारा विरोध चौथाईवर येतो. कलणं रोखणारी पोलादी दांडी, अँटी-रोल बार, लागते ती यामुळे. आतला शॉक झोक्याची ऊर्जा तेलातून उष्णतेत घालवतो, आणि दाबाखालचा नायट्रोजन त्या तेलाला फेस येऊ देत नाही.

बांधणी करताना स्प्रिंगा बाजूलाच ठेवाव्यात. ब्रॅकेटांना वेल्डिंगचे नुसते तात्पुरते टाके मारून जॅकने अ‍ॅक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली, मग दोन्हीकडे तिरका करून पाहायचा: टायर कुठे घासतो, ब्रेकची नळी ताणते का, प्रॉपेलर शाफ्टचा सांधा अडतो का. अ‍ॅक्सलची वरची मर्यादा बम्प स्टॉपने (आदळ झेलणाऱ्या ठोकळ्याने), खालची पट्ट्याने बांधायची. हे काम शॉकवर सोडलं तर तो फुटतो. हे सगळं जमलं की मगच पक्कं वेल्डिंग आणि स्प्रिंगा. ट्रक जमिनीवर ठेवायचा आणि स्प्रिंग मोकळ्या लांबीपेक्षा किती दबली ते टेपने मोजायचं. 25 च्या जागी 24 आले तर चालेल. 15 आले तर कॉलर (स्प्रिंगचं टोक धरणारी आट्यांची रिंग) फिरवत बसू नये. कॉलरने ट्रकची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही. स्प्रिंगच बदलावी.