परागज्वर : शब्दामागचा आणि झाडांमागचा इतिहास

झाडांच्या परागांमुळे होणाऱ्या शिंका, नाक गळणे आणि डोळ्यांची खाज यांना मराठी वैद्यकीय लेखनात परागज्वर म्हणतात. 1819 साली लंडनमध्ये या विकाराचे वर्णन झाले, तेव्हा लोकांनी ताज्या कापलेल्या गवताला दोष दिला आणि इंग्रजी नावात गवत व ताप दोन्ही शिरले. पुढे मँचेस्टरच्या एका डॉक्टरांनी स्वतःच्या नाकात पराग घालून प्रयोग केले आणि 1873 मध्ये कारण पराग असल्याचे दाखवून दिले. मराठी पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी त्यामुळे गवत काढले, हे योग्यच झाले; परंतु ज्वर मात्र तसाच राहू दिला, आणि तो निर्णय माझ्या मते चुकला. या विकारात ताप येत नाही. अंगात कणकणही नसलेला माण-खटावचा किंवा आटपाडी-जतचा माणूस स्वतःला परागज्वर झाला असे कधीच मानत नाही. तो त्याला सर्दी म्हणतो आणि दरवर्षी त्याच दिवसांत ती का येते, हे विचारायचे राहून जाते. आपल्या बोलीतला ‘वावडे’ हा शब्द अधिक खरा होता, कारण त्यात दोष परागाइतकाच शरीराच्या स्वभावाचाही आहे.

तो स्वभाव 1960 च्या दशकात आयजीई या प्रतिपिंडाचा (परक्या पदार्थाविरुद्ध शरीर बनवते त्या प्रथिनाचा) शोध लागल्यावर नीट कळला. ओलसर नाकात परागकणातील प्रथिने काही मिनिटांत विरघळतात. शरीर त्यांना शत्रू समजून आयजीई बनवते, ते नाकाच्या अस्तरातील मास्ट नावाच्या संरक्षक पेशींवर चिकटून राहते, आणि पुढच्या हंगामात तेच प्रथिन आले की या पेशी हिस्टामीन हे शिंका व खाज आणणारे रसायन सोडतात.

1 मे रोजी गुलमोहर दिन साजरा करणाऱ्या साताऱ्यात या त्रासाचा आळ गुलमोहरावर घेणे अन्यायाचे आहे, कारण त्याचे जड, चिकट पराग वाऱ्यावर फारसे दूर जात नाहीत. पानगळीनंतर नव्या पालवीआधी फुलणाऱ्या वावळीचे पराग मात्र वाराच वाहून नेतो. इंधनासाठी 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणलेली वेडी बाभूळ आता दुष्काळी पट्ट्यात सर्वत्र माजली आहे, आणि तिचे परागही ॲलर्जी निर्माण करणारे म्हणून ओळखले जातात. कशाचे वावडे आहे हे शोधण्यासाठी त्वचेवर केल्या जाणाऱ्या चाचणीत या दोन झाडांचा अर्क वापरलाच नसेल, तर या झाडांमुळे शिंकणाऱ्या रुग्णाचा अहवाल निर्दोष येऊ शकतो.