५६के विसरा, पिंग बघा: डायल-अपवर कार रेसिंग चालायची कशी

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून पंधरा-वीस गाड्यांची शर्यत इंटरनेटवर खेळायची म्हटलं तर आज फायबरवाल्या पोरांना थाप वाटते. पण १९९८ मध्ये पपायरस कंपनीची 'ग्रांप्री लेजंड्स' आली, १९६७ च्या फॉर्म्युला वन सीझनवरची, आणि जगभर लोक ती साध्या मोडेमवर, म्हणजे फोनच्या लाईनवरून कॉम्प्युटर नेटला जोडणाऱ्या डब्यावर, खेळले. कसं जमलं? तर गेमला डेटा फार लागायचाच नाही. ती चालायची सेकंदाला ३६ फ्रेमवर आणि मोडेमवाल्यांसाठी दर तिसऱ्या फ्रेमला एक पॅकेट (माहितीचं छोटं पुडकं), म्हणजे सेकंदाला १२ पॅकेटं, एकेक ८४ बाइटचं. वर पत्त्याची लेबलं, इंटरनेटची (यूडीपी-आयपी) २८ बाइट आणि फोन-लिंकच्या प्रोटोकॉलची (पीपीपी) किरकोळ, असे १२० बाइट धरा. सगळं मिळून सेकंदाला साडेअकरा किलोबिट. सेकंदाला ३३.६ किलोबिटच्या मोडेमला हे काहीच नाही, दोन-तृतीयांश लाईन रिकामीच.

मग त्रास कसला? त्रास उशिराचा, आणि त्याहून जास्त तो उशीर सारखा बदलत राहण्याचा.

तुमची स्वतःची गाडी तुमच्याच कॉम्प्युटरवर चालते, तिला नेटशी देणंघेणं नाही. बाकीच्यांच्या गाड्या मात्र तुम्हाला दिसतात त्या अंदाजाने: शेवटच्या पॅकेटमध्ये गाडी इथे होती, वेग इतका, दिशा ही, म्हणजे आता ती तिथे असणार. ताशी २०० किमीला पाव सेकंदात गाडी साधारण १४ मीटर जाते, म्हणजे पुढच्याने ब्रेक मारला हे तुम्हाला कळेपर्यंत तो तीन गाड्यांच्या लांबीइतका पुढे गेलेला असतो. आता उशीर कायम २५० मिलिसेकंदच असेल तर गेमही सांभाळून घेते आणि खेळणाराही शिकतो, थोडं अंतर ठेवतो. पण एक पॅकेट १५० ला आणि पुढचं ९०० ला आलं की समोरची गाडी उड्या मारायला लागते, आणि मग पहिल्याच वळणावर सगळ्यांचा चुराडा. ३०० पिंगवाला (पिंग म्हणजे पॅकेटला जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद) शहाणा ड्रायव्हर चालतो हो, पण १५० ते ९०० नाचणारा कोणालाच नको.

गंमत अशी की हा नाच बऱ्याचदा मोडेम स्वतःच घालायचा, आणि तोही मदत करण्याच्या नादात. मोडेम बनवलेला फाइल आणि वेबपेज ओढायला, तिथे एकूण किती माल आला त्याला महत्त्व. त्यामुळे तो बाइट आले की लगेच पाठवत नाही, थोडे जमवतो, दाबून लहान करतो, गठ्ठा बांधतो, मग सोडतो. गोव्यातल्या चोडणच्या फेरीबोटीत एकटा स्कूटरवाला चढला म्हणून बोट सुटत नाही ना, तसंच. व्ही.४२बिस नावाचं कम्प्रेशन टेक्स्टसाठी झकास, पण गेमचे आकडे बाइनरी, त्यातलं फारसं काही दाबलं जात नाही, नुसता वेळ जातो. स्टुअर्ट चेशायर, ज्याने बोलो ही नेटवर्कवरची रणगाड्यांची गेम लिहिली, तो १९९६ मध्येच ओरडून सांगत होता की मोडेमच्या लिंकवर १०० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो आणि बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, वाढवून तो जात नाही.

दुसरा मदतनीस म्हणजे एरर करेक्शन, व्ही.४२. लाईनवर खरखर झाली, एक गठ्ठा खराब झाला की तो परत मागवतो आणि तो येईपर्यंत मागचे चांगले गठ्ठेही अडवून धरतो, क्रम बिघडू नये म्हणून. ईमेलला हे हवंच. पण रेसिंगमध्ये अर्ध्या सेकंदापूर्वी गाडी कुठे होती ही माहिती परत मागवून काय करायचंय? ८३ मिलिसेकंदांनी नवीन पॅकेट येतंच आहे. करेक्शन बंद केलं तर खराब पॅकेट पीपीपीच्या चेकसममध्ये, म्हणजे तपासणीच्या बेरजेत, पकडलं जातं, फेकलं जातं, गेम पुढच्यावर चालू. म्हणून त्या काळचे रेसर मोडेमच्या एक्स्ट्रा सेटिंगमध्ये एटी कमांड (मोडेमला द्यायचे हुकूम) घालून कम्प्रेशन आणि करेक्शन दोन्ही बंद करायचे. कमांड मोडेमच्या चिपसेटप्रमाणे वेगळी, त्यामुळे मॅन्युअल जपून ठेवायचं.

स्पीडचंही तेच. ५६के म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिटचं व्ही.९०, १९९८ चं स्टँडर्ड. एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजून ८-८ बिटांत लिहितं, म्हणजे ६४ किलोबिट, आणि आयएसपीकडचा (इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडचा) मोडेम थेट त्या डिजिटल आकड्यांतच बोलतो म्हणून एवढं जमतं. पण ते फक्त तुमच्याकडे येताना, तुमच्याकडून जाताना ३३.६ च. आणि येताना ४९३३३ दिसलं म्हणून खुश होण्यात अर्थ नाही, कारण मोडेम तिथे अगदी कडेवर उभा असतो. जरा नॉइज आला की दोन्ही मोडेम बोलणं थांबवून परत एकमेकांना ओळखायला बसतात, रीट्रेन, त्यात कित्येक सेकंद जातात आणि तोवर तुमची गाडी इतरांच्या स्क्रीनवरून गायब. त्यापेक्षा मुद्दाम खाली, २८.८ ला बांधून ठेवा. साडेअकरा किलोबिटच पाहिजेत ना तुम्हाला? माझ्या मते डायल-अप रेसिंगमधली सगळ्यात हुशार सेटिंग हीच, आणि लोक सगळ्यात जास्त नाक मुरडायचे तेही हिलाच, कारण कमी आकडा बघवत नाही.

आता आपल्या गोव्याकडे या. इथे वर्षाला ३००० मिमीच्या घरात पाऊस, समुद्राची खारी हवा, आणि लाईन येते खांबावरून भाटातून, माडांच्या मधून. एक चुडत (झावळी) पडलं की तार ताणते, मग कोणीतरी तिथेच पिळून, टेप गुंडाळून जोड मारतो. टेपमध्ये ओल शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि तो जोड नुसता रेझिस्टन्स वाढवत नाही तर सिग्नलचा आकारच वाकडा करतो. बोलताना नुसती बारीक खरखर, कोणी तक्रारही करत नाही, पण मोडेमचा जीव जातो. फोंड्याला काय, पेडण्याला काय, जूनमध्ये कनेक्ट स्पीड पडायचा आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा चढायचा तो ह्याच जोडांमुळे. एक मजा म्हणजे कधी फोनची रिंग वाजून गेली की थोडा वेळ लाईन साफ व्हायची, कारण रिंगचा व्होल्टेज जास्त, तो त्या थराला तात्पुरता भेदतो. नंतर येरे माझ्या मागल्या.

लाईन तपासायची सोपी रीत अशी. रिसीव्हर उचला, एकच आकडा दाबा म्हणजे डायल टोन बंद होतो, आणि आता कान देऊन ऐका. शांत असायला हवं. घूं असा आवाज असेल तर जवळ विजेची वायर आहे, टिकटिक-खरखर असेल तर जोड. मग लाईनमनला गोड बोलून चहा पाजून जोड नव्याने मारून घ्या, वर जेली भरलेला कनेक्टर लावायला सांगा. आणि घरातली एक्स्टेन्शनं काढा! बाल्कांवात (ओसरीवर) एक, आतल्या खोलीत एक, असे जुने घंटीवाले फोन समांतर जोडलेले असतात, प्रत्येक फाट्यावरून सिग्नल परत फिरतो. मोडेमला आलेली लाईन थेट द्या, शक्यतो आखूड वायरने. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं की मधल्या लॅपला कोणीतरी आतला फोन उचलणारच, त्यावर एक्स्टेन्शन काढण्याशिवाय औषध नाही. वीज कडाडायला लागली की मात्र शर्यत सोडून प्लग काढायचा, ऑक्टोबरच्या गडगडाटात किती मोडेम जळले त्याला गणती नाही.

कॉम्प्युटरच्या आतही एक चोर असतो, विनमोडेम. स्वस्त कार्ड, त्यात सिग्नल उलगडणारी चिपच नाही, ते काम तुमच्या प्रोसेसरवर टाकलेलं. सर्फिंगला चालून जातं, पण रेसिंग सिम प्रोसेसर पिळून काढते, आणि नेमकं वीस गाड्या समोर आल्या की मोडेमला वेळ मिळत नाही. बाहेरचा, सिरियल पोर्टवरचा खरा मोडेम घ्या, पोर्ट ११५२०० वर ठेवा आणि त्यात १६५५० यूआर्ट (पोर्ट सांभाळणारी चिप) आहे ना बघा, त्याच्याकडे १६ बाइटची रांग असते. जुन्या ८२५० मध्ये एकाच बाइटची जागा, आणि त्या स्पीडला दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येऊन थडकतो.

मागे मेल उघडं ठेवू नका हे सांगायला नकोच. १५०० बाइटचं एक पॅकेट ३३.६ वर चढायला ३५७ मिलिसेकंद घेतं, तेवढा वेळ गेमची पॅकेटं रांगेत. एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा, ५७६ केलं तर तेच १३७ वर येतं.

काही गोष्टी हातात नसतात. आयएसपीची बाहेरची लिंक सॅटेलाइटवरून असेल तर जाऊन-येऊन किमान ४८० मिलिसेकंद, कारण तो ३५,७८६ किमीवर टांगलेला आहे. होस्ट (ज्याच्या कॉम्प्युटरवर शर्यत चालते तो) निवडताना म्हणून पिंगच बघा, नाव नको. आणि होस्टिंग स्वतः मोडेमवरून करायला जाऊ नका: प्रत्येक खेळाडूला सेकंदाला १४४० बाइट पाठवायचे तर ३३.६ च्या मोडेमच्या सेकंदाला ४२०० बाइटांत दोघे नीट बसतात, तिसरा आला की कोंडी. दोघेच असाल तर इंटरनेट हवंच कशाला? पपायरसच्याच १९९४ च्या 'नॅस्कार रेसिंग'मध्ये एका मोडेमवरून थेट दुसऱ्याला फोन लावून खेळता यायचं, मधे आयएसपी नाही, राउटर नाही.

शेवटी डेस्कटॉपवर दोन आयकॉन ठेवा. एक कनेक्शन शर्यतीचं, कम्प्रेशन आणि करेक्शन बंद, स्पीड बांधलेला. दुसरं नेहमीचं, सगळं चालू. पहिल्यावरून चुकून फाइल डाउनलोड करायला बसलात तर मात्र रात्र जाईल.