डेटा सेंटर जाळेरचना

डेटा सेंटरमधील हजारो सर्व्हर परस्परांशी जोडण्यासाठी स्विच (आलेली माहिती योग्य तारेकडे वळवणारे यंत्र) आणि केबल यांची केलेली मांडणी. कमी खर्चात उभी राहणारी आणि सर्व्हरांच्या संख्येबरोबर वाढवता येणारी रचना हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

जुन्या पद्धतीत रॅकमधील स्विच, त्यांवर संकलक स्विच आणि शिखरावर एक-दोन अवाढव्य गाभा-स्विच अशी उतरंड असे. मोठ्या स्विचची किंमत पोर्टांच्या (केबल जोडण्याच्या जागांच्या) संख्येपेक्षा फार वेगाने चढते आणि बाजारात मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या स्विचपाशी वाढच खुंटते. म्हणून वरच्या दुव्यांची क्षमता मुद्दाम कमी ठेवीत. प्रत्येकी १ गिगाबिट वेगाच्या ४० सर्व्हरांच्या रॅकमधून वर १० गिगाबिटचाच मार्ग असला, तर सर्वांनी एकदम रॅकबाहेर माहिती धाडताच प्रत्येकाच्या वाट्याला पाव वेग येतो.

यावरचा उपाय टेलिफोन एक्स्चेंजच्या शास्त्रातून आला. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी एका मोठ्या स्विचचे काम तीन टप्प्यांत मांडलेल्या लहान स्विचांकडून करवून घेता येते, हे गणिताने दाखवले. या कामाचे वर्ष कोठे १९५२, तर कोठे १९५३ असे आढळते. निबंध छापून आला तो मार्च १९५३ मध्ये, त्यामुळे दुसरे वर्ष धरणे योग्य. मूळ कल्पनेचे श्रेय काही लेखक एडसन अर्विन यांना देतात (१९३८). तथापि जाळे कधी अडत नाही याची अट सिद्ध करून मांडली ती क्लॉस यांनीच, आणि रचनेला त्यांचे नाव मिळणे रास्त वाटते. पहिल्या टप्प्यातील प्रत्येक स्विचला न तारा येत असतील आणि मधल्या टप्प्यात म स्विच असतील, तर म ≥ २न − १ असताना, चालू जोडण्यांना हात न लावता, कोणतीही मोकळी तार दुसऱ्या कोणत्याही मोकळ्या तारेशी जोडता येते. म ≥ न एवढेच असल्यास चालू जोडण्या प्रसंगी हलवाव्या लागतात. बचत मात्र आकार वाढल्यावरच दिसते : २५ तारांच्या चौरस स्विचला ६२५ छेदबिंदू (येणारी व जाणारी तार जिथे जोडता येते अशा जागा) लागतात, क्लॉस रचनेला ६७५, १०० तारांना हेच आकडे १०,००० आणि ५,७०० होतात.

‘फॅट ट्री’ या नावाने बराच घोळ केला आहे. चार्ल्स लायझरसन यांनी १९८५ मध्ये महासंगणकांसाठी सुचवलेल्या वृक्षात फांद्या मुळाकडे जाताना जाड होत जातात. मोहम्मद अल-फारिस, अलेक्झांडर लुकिसास आणि अमीन वाहदात यांनी २००८ मध्ये डेटा सेंटरसाठी मांडलेल्या रचनेलाही फॅट ट्री म्हणतात, पण तिच्यात जाड दुवे नाहीत. सर्व स्विच सारखे आणि सर्व दुवे सारखे. ती खरे तर मधोमध दुमडलेले क्लॉस जाळे आहे. ‘घडीचे क्लॉस’ हेच नाव अधिक अचूक ठरावे, जरी रूढी दुसऱ्या नावाची असली तरी.

या रचनेत क पोर्टांचे स्विच वापरून क गट करतात. प्रत्येक गटात खाली क/२ आणि वर क/२ स्विच. गाभ्यात (क/२)² स्विच. एकूण सर्व्हर क³/४. नेहमीच्या ४८ पोर्टी स्विचांनी २७,६४८ सर्व्हर पूर्ण वेगाने जोडले जातात. त्याला २,८८० स्विच लागतात आणि एकही खास बनावटीचा नसतो. स्वस्ताईचे मर्म येथे आहे. किंमत मोजावी लागते ती केबलांत : एकूण ८२,९४४ दुवे.

अडथळा न येण्याची हमी टेलिफोनच्या मंडलांसाठी (संभाषण संपेपर्यंत राखून ठेवलेल्या वाटांसाठी) सिद्ध झाली होती, पॅकेटांसाठी (माहितीच्या सुट्या तुकड्यांसाठी) नव्हे. हा भेद पुष्कळदा विसरला जातो. व्यवहारात समान अंतराच्या अनेक वाटांपैकी एक वाट पॅकेटातील पत्ता व पोर्ट क्रमांक (येथे स्विचची जागा नव्हे, तर संवाद साधणाऱ्या प्रणालीचा क्रमांक) यांच्या हॅशवरून, म्हणजे त्यांपासून ठरावीक सूत्राने काढलेल्या संख्येवरून, निवडतात आणि एका प्रवाहाची सर्व पॅकेटे त्याच वाटेने धाडतात, म्हणजे त्यांचा क्रम बिघडत नाही. दोन मोठे प्रवाह योगायोगाने एकाच दुव्यावर पडले, तर शेजारचे दुवे रिकामे असूनही दोघेही मंदावतात. मार्गनिर्धारणासाठी बीजीपी हा आंतरजालाचा नियमसंचच अशा जाळ्यांत वापरण्याची पद्धत २०१६ मधील आरएफसी ७९३८ या आंतरजालविषयक तांत्रिक दस्तऐवजात नोंदली आहे.

पर्यायी रचनांत डीसेल (२००८) आणि बीक्यूब (२००९) सर्व्हरांकडूनच पॅकेटे पुढे पाठवून घेतात. सहा सर्व्हरांच्या घटकापासून सुरुवात केल्यास डीसेल तीन पायऱ्यांत ३२,६३,४४२ सर्व्हरांपर्यंत पोहोचते, परंतु सर्व्हरांवर हा भार टाकणे सोयीचे नाही. जेलीफिश (२०१२) हा अधिक विचारप्रवर्तक पर्याय. घडीच्या क्लॉस जाळ्याची पूर्ण मापे मोठ्या उड्यांनी वाढतात : २४ पोर्टांना ३,४५६ सर्व्हर, ३२ पोर्टांना ८,१९२. जेलीफिशमध्ये स्विच यादृच्छिकपणे जोडल्याने वाढ हवी तेवढीच करता येते. काही हजार सर्व्हरांच्या मापात त्याच सामग्रीत २५ टक्क्यांपर्यंत जास्त सर्व्हर बसतात, असा रचनाकारांचा दावा आहे. केबल ओढणाऱ्याला मात्र अशी मांडणी डोळ्यांनी पडताळता येत नाही.

गूगलने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार त्यांच्या ज्युपिटर या क्लॉस जाळ्याची द्विभाजन क्षमता (जाळ्याच्या दोन निम्म्या भागांमधली एकूण वहनक्षमता) सेकंदाला १.३ पेटाबिट (१३ लाख गिगाबिट) होती. २०२२ च्या वृत्तांतानुसार त्यातील गाभ्याचा थर काढून गट एकमेकांना आरशांच्या साहाय्याने चालणाऱ्या प्रकाशीय स्विचांतून थेट जोडले गेले, त्यामुळे वेगवेगळ्या वेगांचे जुने-नवे गट एकत्र नांदू शकतात. गटाच्या आतली मांडणी मात्र अजून क्लॉसचीच आहे.