डॉल्फिनच्या वेगाचे कोडे: कातडीपासून शेपटीपर्यंत

1936 साली केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ जेम्स ग्रे यांनी एक हिशेब मांडला आणि तो काही केल्या जुळेना. चालत्या जहाजाला मागून येऊन मागे टाकणाऱ्या एका डॉल्फिनची नोंद त्यांच्या हाती होती. त्यावरून वेग निघाला सुमारे 20 नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण 10 मीटर. त्याच आकाराचे ताठ शरीर या वेगाने पाण्यातून ओढायला किती शक्ती लागेल, हे त्यांनी काढले. उत्तर असे आले की डॉल्फिनचे स्नायू इतर सस्तन प्राण्यांच्या स्नायूंपेक्षा सुमारे सातपट ताकदवान हवेत. तसे नसेल, तर अंगावरून वाहणारे पाणी न खळबळता, शांत थरांनी सरकत असले पाहिजे. ग्रे यांचा कल या दुसऱ्या शक्यतेकडे होता.

पुढची काही दशके लोक डॉल्फिनच्या कातडीकडेच पाहत राहिले. मॅक्स क्रेमर या जर्मन अभियंत्याने तिच्यावरून सुचलेले मऊ, लवचीक आवरण बनवले आणि त्यामुळे पाण्याचा विरोध निम्म्याहून अधिक घटतो, असा दावा केला. इतरांना तो परिणाम खात्रीने पुन्हा मिळवता आला नाही. टॉर्पेडो आणि पाणबुड्यांचा वेग वाढवण्याची ओढ असल्यामुळे अमेरिकी नौदलानेही यात लक्ष घातले. 1960 मध्ये त्यांनी ‘नॉटी’ नावाची डॉल्फिन मिळवली. टाकीत तिच्या चाचण्या झाल्या, पण कातडीची कोणतीही जादू दिसली नाही.

खरी चूक तुलनेत होती. ग्रे यांनी स्नायूंच्या ताकदीचे जे आकडे घेतले, ते काही मिनिटे सलग वल्ही मारणाऱ्या माणसांसारख्या दमाच्या कामाचे होते. डॉल्फिनची ती झेप मात्र फक्त सात सेकंदांची होती. इतक्या थोड्या वेळात स्नायू ऑक्सिजनची वाट न पाहता कितीतरी जास्त शक्ती देऊन मोकळे होतात. शिवाय जहाजाजवळच्या लाटांचा रेटाही डॉल्फिनला आयता मिळू शकतो. 1966 मध्ये थॉमस लँग आणि केनेथ नॉरिस यांनी एका शिकवलेल्या डॉल्फिनचा वेग मोजला. तिने सेकंदाला 8.3 मीटर हा वेग गाठला, पण तो टिकला केवळ साडेसात सेकंद. तरीही ग्रे यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांनी प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडला होता की पुढच्यांना तो तपासता आला.

दरम्यान गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी चंद्रकोरीसारख्या शेपट्यांचे गणित मांडले, आणि माझ्या मते या कहाणीचा सर्वांत सुंदर भाग इथे आहे. डॉल्फिनची शेपटी वल्ह्यासारखी पाणी मागे ढकलत नाही. तिची दोन आडवी पाती विमानाच्या पंखाचे काम करतात. खाली येताना आणि वर जाताना ती पाण्याला किंचित तिरकी धरली जातात, आणि त्यांच्यावर उपजणाऱ्या बलाचा मोठा हिस्सा पुढच्या दिशेला लागतो. म्हणून दोन्ही फटके कामी येतात, एकही वाया जात नाही. या पात्यांत हाडे नसतात. मणके फक्त मधोमध, बाकी सगळी चिवट तंतूंची बांधणी. त्यामुळे ती गरजेपुरती वाकतात.

माशांची शेपटी डावी-उजवीकडे हलते, मग यांची वर-खाली का? कारण देवमासे आणि डॉल्फिन यांचे पूर्वज जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी होते. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या पाकिसेटसचे जीवाश्म आजच्या पाकिस्तानात सापडले. धावताना सस्तन प्राण्यांचा कणा वर-खाली वाकतो. पाण्यात उतरल्यावरही तीच हालचाल टिकली.

रेटा थेट मोजायला मात्र 2014 पर्यंत थांबावे लागले. फ्रँक फिश आणि सहकाऱ्यांनी तलावात बारीक बुडबुड्यांचा पडदा तयार केला, त्यातून दोन डॉल्फिन पोहले आणि शेपटीमागे उठणारे भोवरे वेगवान कॅमेऱ्याने टिपले गेले. त्या भोवऱ्यांवरून हिशेब केला, तेव्हा साध्या पोहण्यात 700 न्यूटनपर्यंत (न्यूटन हे बल मोजण्याचे एकक), तर जोरदार सुरुवात करताना 1468 न्यूटनपर्यंत रेटा निघाला. कातडीची मदत न घेताही हिशेब जुळत होता.

महाकाय देवमासे तलावात मावत नाहीत. त्यांच्या पाठीवर आता चूषकाने चिकटणारी नोंदयंत्रे बसवतात आणि वरून ड्रोनने त्यांची लांबी मोजतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा नोंदींनुसार, शरीर जितके मोठे तितके शेपटीचे फटके संथ. तरी नेहमीच्या प्रवासाचा वेग सगळ्यांचा जवळपास सारखाच, सेकंदाला सुमारे 2 मीटर.